बावीस नंबरचा दगड

दिवाळी अंकाच्या संपादकांनी पहिल्या वर्षी लेख मागितला तेव्हा मी पाठदुखीचं कारण सांगितलं. दुसऱ्या वर्षी मोतीबिंदूचं. दोन्ही दुखणी खरी होती, पण लेख न लिहिण्याचं कारण ती नव्हती. एका जागी एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखं पुष्कळ असतं. माझ्याजवळही आहे. मात्र कुठूनही सुरुवात केली तरी फिरून मी बावीस नंबरच्या वर्तुळापाशी येतो आणि तिथं पेनाला टोपण लावून ठेवतो. माझ्या बायकोला सोडून ही गोष्ट मी तोंडाने कुणालाही सांगितलेली नाही. यंदा टोपण लावायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

मी एका प्राचीन स्मारकावर परिचर होतो. स्मारक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे किल्ला येतो, देऊळ येतं. माझ्या स्मारकाला भिंत नव्हती, छत नव्हतं, दरवाजाही नव्हता. नागपूर मागे टाकून काटोल रोडने थोडं पुढे गेलं की उंचसखल माळरान लागतं. त्यावर काळ्या दगडांची गोल कडी मांडलेली आहेत. एखादं कडं अंगणाएवढं, एखादं लग्नाच्या मांडवाएवढं. लोखंड नुकतं हाताशी आलं होतं त्या काळातल्या माणसांनी आपली मेलेली माणसं तिथं पुरली आणि प्रत्येकाभोवती असे दगड लावले. कुणाबरोबर त्याची कुऱ्हाड पुरली, कुणाबरोबर त्याचा घोडा. देशोदेशीचे अभ्यासक ही कडी पाहायला येतात. नागपूरकरांना हे ठिकाण नावाने माहीत असेल. इथं मी नुसतं 'वर्तुळं' म्हणतो. नाव लिहिलं तर पुढच्या रविवारी लोक तो दगड शोधत निघतील, आणि तो दगड पुरेसा हलवून झाला आहे.

माझं काम सांगायला सोपं होतं. सकाळी सगळ्या वर्तुळांवरून चक्कर मारायची. कुणी खणलं नाही ना, कुणी दगड ओढून नेला नाही ना, कुणी दगडाला गाय बांधली नाही ना, हे पाहायचं. रविवारनंतर बाटल्या वेचायच्या. आलेल्या माणसाला हिंडवून माहिती द्यायची. संध्याकाळी डायरीत दोन ओळी लिहायच्या. बहुतेक दिवशी त्या ओळी सारख्याच असत: साफसफाई केली, सर्व ठीक.

या सगळ्यावर एकच नियम होता. हात लावायचा नाही. दगड पडला तर पडू द्यायचा, पडलेल्या जागी तसाच ठेवायचा, फोटो काढायचा, कार्यालयाला कळवायचं आणि साहेब येईपर्यंत वाट पाहायची. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. घरातलं भांडं पडलं तर आपण उचलतो. पण त्या माणसांनी मागे अक्षर ठेवलेलं नाही. कोणता दगड कुठं आहे आणि कुणीकडे तोंड करून आहे, एवढंच त्यांचं लिहिणं. दगड सरकला की ओळ पुसली जाते. हे मला पहिल्याच महिन्यात एका साहेबांनी शिकवलं होतं आणि मी ते शेकडो पाहुण्यांना शिकवलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पाहुणे बहुतेक निराश होऊन जात. नागपुरातल्या सीताबर्डीचे एक कापडदुकानदार कुटुंबाला घेऊन आले होते. डबे, सतरंजी, सगळं आणलं होतं. त्यांनी चार वर्तुळं पाहिली आणि मला बाजूला घेतलं.

"मेश्राम, खरं सांगा. हे गोटेच आहेत न?"

"हो, गोटेच आहेत."

"मंग तुमी इतके वर्षं काय राखून राहिले?"

"गोटेच राखून राहिलो."

त्यांची बायको हसली. ते हसले नाहीत. पेट्रोल जाळून आले होते.

काटोलचा एक संत्र्याचा व्यापारी आला होता, तो सोबत नारळ घेतलेला माणूस घेऊन. हातावरचा नारळ उभा राहिला की खाली धन आहे, अशी त्या माणसाची विद्या होती. व्यापारी मला म्हणाला, "घोड्याच्या अंगावर दागिने निघते म्हणते. खरं हाय का?" मी म्हटलं, निघतात, तांब्याचे. "तांब्याचे?" त्याने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "तांब्यासाठी कोण खोदते बापा," आणि नारळ मला देऊन निघून गेला. त्याची चटणी आम्ही दोन दिवस खाल्ली.

आणि एक परदेशी म्हातारे. वर्तुळात पाय ठेवण्याआधी त्यांनी बूट काढले. बराच वेळ उभे होते. नंतर त्यांच्या सोबतच्या माणसाने मला विचारलं, "हे विचारतात, यांच्यासाठी आता कुणी रडतं का?" मी म्हणालो, "मी गवत कापतो." त्याने ते उत्तर सांगितलं तेव्हा म्हाताऱ्यांनी मला वाकून नमस्कार केला. त्या नमस्काराचा मला फार वर्षं अभिमान होता. पुढे बावीस नंबरचं घडल्यावर त्याची आठवणही नको वाटू लागली.

आता ते सांगतो.

कार्यालयाने ओळखीसाठी वर्तुळांना नंबर दिले होते. बावीस नंबर पायवाटेला अगदी लागून. त्याच्या कडेला एक खळग्यांचा दगड होता. खळगे म्हणजे बोटाचं टोक बसेल असे छोटे खड्डे, एका ओळीत कोरलेले. थोड्याच वर्तुळांत असे दगड आहेत, आणि ते का कोरले हे अजून कुणाला नक्की सांगता आलेलं नाही. बावीस नंबरचा दगड बसलेल्या वासराएवढा. खळग्यांच्या दोन ओळी, तोंड पश्चिमेला. पायवाट होती उत्तरेला, त्यामुळे खळगे पाहायचे तर दगडाला वळसा घालून काट्यांतून पलीकडे जावं लागे.

एक दिवस कार्यालयातून फोन आला. उद्या मोठे पाहुणे येणार. वयस्कर आहेत, गुडघे दुखतात, फार चालवू नका, पण खळगे दाखवा. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की एक रीत होती. गवत काढायचं, वाट झाडायची, खुर्च्या मागवायच्या. बावीस नंबरजवळ एक बाभळीचं खोड उरलं होतं, ते वाटेत येत होतं. गावातला विठ्ठल ट्रॅक्टर चालवायचा. त्याला बोलावलं. त्याने खोडाला साखळी बांधली, मी 'हळू' म्हणालो, त्याने ओढलं. खोडाची मुळं दगडाच्या खालून गेली होती. हे मला दिसायला हवं होतं. खोड निघालं आणि दगड त्याच्या पाठोपाठ उपटून आडवा पडला.

विठ्ठल खाली उतरला.

"मेला का गा हा?" त्याने विचारलं.

त्याला गंमत करायची सवय होती. मला नियम माहीत होता: तसाच ठेव, कळव. पण उद्या सकाळी पाहुणे येणार, साहेब येणार, आणि वाटेच्या कडेला उपटलेला दगड, शेजारी ट्रॅक्टरची चाकं. मी विठ्ठलला म्हणालो, "बसवू परत." खड्ड्याचे काठ ढासळले होते, म्हणून तो आणखी खोल करावा लागला. लोखंडी सब्बल आणि साखळी लावून दगड उभा केला. विठ्ठल अंगाने त्याला धरून होता.

"तोंड कोणीकडं होतं याचं, मेश्रामभाऊ?"

मला माहीत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण डोक्यात उद्याचे पाहुणे होते. ते वाटेवर खुर्ची टाकून बसतील, काट्यांत जाणार नाहीत. आता पडलाच आहे, एक दिवस इकडे पाहू दे. पाहुणे गेले की परत फिरवू.

"वाटेकडं कर," मी म्हणालो.

"पयले असंच होतं?"

"कर न तू."

त्याने केलं. आम्ही माती दाबली, वरून गवत पसरलं. डायरीत मी लिहिलं, साफसफाई केली, सर्व ठीक.

पाहुणे खुश झाले. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांना खळगे दिसले. बरोबरच्या माणसाने फोटो काढला. महिन्याभराने तो फोटो कार्यालयाच्या माहितीपत्रकावर छापून आला: बावीस नंबर, वाटेकडे तोंड. त्यानंतर दगड परत फिरवणं म्हणजे छापलेल्या फोटोला खोटं पाडणं होतं. मी राहू दिलं. विठ्ठल भेटला की डिवचायचा, "तुमचा गोटा अजून वाटेकडंच पाहून राहिला गा." मी हसून विषय बदलत असे. काही वर्षांनी हसायचीही गरज उरली नाही. मला वाटलं, संपलं.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना वैशाली मॅडम आल्या. काटोलच्या, शिक्षकाची मुलगी, विद्यापीठात संशोधन करत होत्या. सकाळच्या बसने यायच्या, टोपी, टेप, होकायंत्र, वही. मला काका म्हणायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काका, खळग्यांचे दगड कुठं कुठं आहेत ते मला दाखवता का? यादीत आहेत त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतील." खरंच मला दोन जास्त माहीत होते. ते दाखवले तेव्हा त्यांनी वहीत माझं नाव लिहून घेतलं, 'यांनी दाखवला' म्हणून. माझं नाव अशा वहीत कुणी कधी लिहिलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं मला हळूहळू समजलं. लोक म्हणतात हे खळगे सूर्याकडे पाहतात. मॅडमना दिसत होतं की ते शेजारच्या वर्तुळाकडे पाहतात. डबा खाताना त्यांनी मला समजावलं होतं. "आपल्या गावात कसं, काका, एका घराचं दार भावाच्या दाराकडं. ही पण भावकीच असेल. मेल्यावरही एकमेकांवर नजर ठेवून बसली आहेत."

"भांडणं झाली असतीन तं?"

"तर पाठ केली असती. पाठ कुणीच केलेली नाही. सगळे शेजाऱ्याकडं पाहतात." मग त्या थांबल्या. "एक सोडून."

मी हातातली भाकरी परत डब्यात ठेवली.

"बावीस नंबर. तो एकटाच वाटेकडं पाहतो. आणि वाट तर आत्ताची आहे, काका. तेव्हा तिथं काय होतं?"

"असंल काही," मी म्हणालो.

त्या दिवसापासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं. त्या बावीस नंबरकडे निघाल्या की मी दुसरं काही दाखवायला काढायचो. एकदा म्हणालो, तिकडं साप निघाला होता. त्या काठी घेऊन गेल्या. त्या टेप धरायला सांगत तेव्हा इतर दगडांना मी टेप नीट धरत असे. बावीस नंबरला माझ्या हातून टोक निसटायचं. "काका, स्थिर," त्या म्हणायच्या. सकाळी बस थांब्यावर थांबताना मी खिडक्यांत पाहायचो. टोपी दिसली नाही की बरं वाटायचं, आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी कुठूनतरी फार जुना हाताने काढलेला नकाशा मिळवला. त्यात बावीस नंबरच्या दगडापुढे एक बारीक बाण होता, पश्चिमेकडे. तेवीस नंबरच्या वर्तुळाकडे. अगदी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे. त्या नकाशाची प्रत घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा चेहरा शाळेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा झाला होता.

मग त्या दगडापाशी गुडघ्यांवर बसल्या. पावसाने बुडाची माती थोडी वाहून गेली होती. त्यांनी बोटाने आणखी थोडी बाजूला केली.

"काका, हे पाहा. दगडफूल."

दगडफूल आमच्या नागपूरच्या मसाल्यात घालतात, सगळ्यांना माहीत आहे. ते दगडावर उन्हावाऱ्यात वाढतं, फार सावकाश. मातीखाली वाढत नाही. बावीस नंबरच्या दगडावर मातीच्या रेषेखाली त्याचे वाळलेले चट्टे होते.

"म्हणजे हा भाग आधी वर होता," त्या म्हणाल्या. "कुणीतरी हा उचलून पुन्हा गाडला आहे, आणि आधीपेक्षा खोल. फिरवून." त्यांनी वर पाहिलं. "तुमच्या काळात कुणी हात लावला होता का याला?"

पाहा, किती सोपा प्रश्न होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्या रागावल्या नसत्या. कदाचित आनंदाने माझे हात धरले असते.

"माझ्यासमोर तं नाही, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, हे मला सर्वांत जास्त लागलं. दगड माझ्या आधी कुणीतरी हलवला असावा असं त्यांनी धरलं. प्रबंधात तसं लिहिलं, आणि बुडाशी वीतभर खणून पाहण्याची परवानगी कार्यालयाकडे मागितली.

परवानगीचा अर्ज आला आणि कार्यालयात खळबळ झाली. संरक्षित स्मारकातला दगड हलवला गेला असं कुणी लेखी म्हणत होतं. साहेबांनी मला फोन केला. ते वाईट नव्हते. त्यांनी फक्त मला माझी जागा दाखवली.

"मेश्राम, दगड हलला असेल तर विचारतील, परिचर काय करत होता. हलला नसेल तर विषय संपला. लेखी खुलासा दे."

मी विठ्ठलकडे गेलो. तो आजारी होता, खाटेवर होता. तो म्हणाला, "सांगून टाक न भाऊ. गोटाच फिरवला, कोणाचा गळा तं नाही कापला." मी म्हणालो, चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, धाकट्या पोरीचं लग्न ठरलं आहे. तो म्हणाला, "मंग मी सांगू का त्या पोरीले? मले काय करून राहिले?" मी त्याच्यापुढे हात जोडले. माझ्यापेक्षा वयाने लहान माणसापुढे. त्याने तोंड भिंतीकडे केलं. त्याच उन्हाळ्यात तो गेला, आणि मी मयताला गेलो तेव्हा, लिहायला लाज वाटते, पण दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं.

खुलाशात मी लिहिलं: 'माझ्या एकूण सेवाकाळात सदर दगडास कोणीही हात लावलेला नाही. दगड मूळ स्थितीत आहे.' दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने घातलं. सोबत माहितीपत्रकाचा तो फोटो जोडला.

खणण्याची परवानगी नाकारली गेली. प्रबंध तपासणाऱ्यांनी माझा खुलासा मागवून घेतला, हे मला नंतर कळलं. त्यांनी म्हटलं, विद्यार्थिनीने आपला सिद्धांत बसवण्यासाठी दगड हलवल्याची कल्पना रचली आहे. जुन्या नकाशातला बाण चुकीचाही असू शकतो, पण इतकी वर्षं रोज तिथं असलेल्या माणसाचं लेखी म्हणणं खोटं कसं असेल. एका दगडावरून बाकीच्या मोजमापांवरही संशय घेतला. प्रबंध परत आला. त्यानंतर त्या एकदाच माळरानावर आल्या, सामान न्यायला. माझ्या खोलीत त्यांची टोपी आणि खुंट्या असायच्या. मी चहा करतो म्हणालो. त्या म्हणाल्या, "नको काका, बस चुकेल." बसला अजून वेळ होता. दोघांनाही माहीत होतं.

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयात माझा सत्कार झाला. साहेब म्हणाले, मेश्राम यांच्या काळात एक दगडही हलला नाही. टाळ्या वाजल्या. शाल अंगावर घेऊन मी बसलो होतो. माझी बायको शकुंतला शेजारी होती. तिला मी आधीच्या वर्षी सगळं सांगितलं होतं. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "ते शाल मले देऊ नका पांघराले."

त्यानंतर आजपर्यंत तिने फार वेळा विचारलं नाही. वर्षातून एकदा विचारते. "सांगितलं का त्या पोरीले?" मी म्हणतो, कुठं आहे ती काय माहीत. "माहीत करून घ्या न मंग. काहून भेऊन राहिले? आता कोण तुमाले काढते नोकरीवरून?" तिचं बरोबर आहे. भीती नोकरीची होती असं मी इतकी वर्षं समजत होतो. नोकरी गेली, भीती राहिली.

या लेखाबरोबरच मी कार्यालयाला अर्ज दिला आहे. त्यात सगळं लिहिलं आहे: ट्रॅक्टर, खोड, कोणत्या बाजूला तोंड होतं, किती खोल गाडला, खुलासा खोटा होता. वीतभर खणून पाहावं, दगडफुलाचे डाग बुडाशी सगळीकडे मिळतील, आणि वैशाली मॅडमचं म्हणणं बरोबर होतं, हेही लिहिलं आहे. पोच मिळाली. पुढचं त्यांच्या हाती आहे. कार्यालयाला सांगणं तसं सोपं निघालं. कागदाला डोळे नसतात.

ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगायलाही मी गेलो होतो. गेल्या हिवाळ्यात. त्या विमानतळाजवळच्या मिहान या उद्योग वसाहतीत एका कंपनीत आहेत असं काटोलच्या एका ओळखीच्याकडून समजलं. सीताबर्डीहून मेट्रो घेतली. खापरी स्टेशन येईपर्यंत मी एकच वाक्य मनात म्हणत होतो: मॅडम, तो दगड मी फिरवला होता, तुमचं बरोबर होतं, मला माफ करा. शेजारच्या माणसाने दोनदा माझ्याकडे पाहिलं, ओठ हलत असतील. पुढे ऑटो केला. गेटवरच्या गार्डने फॉर्म दिला. 'भेटीचे कारण' या रकान्यापाशी मी इतका वेळ थांबलो की त्याने विचारलं, "काका, चश्मा नहीं लाया क्या?" मी लिहिलं, खाजगी.

त्या जेवणाच्या सुट्टीत बाहेर आल्या. केस थोडे पिकले होते, गळ्यात ओळखपत्र. लांबूनच ओळखलं.

"काका, तुम्ही? इतक्या दूर? बसा, बसा. तब्येत बरी आहे ना?"

आम्ही गेटजवळच्या बाकावर बसलो. त्यांनी कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्यालो, ग्लास हातातच ठेवला. त्या माझ्याकडे पाहत होत्या, मी कसा आलो असेन याचा अंदाज घेत. मग त्यांनीच मला सोडवायला म्हणून विचारलं, "नातवाच्या नोकरीचं काही आहे का? संकोच नका करू. पुष्कळ जण येतात."

"हाव," मी म्हणालो.

"काय शिकला?"

"इंजिनिअरिंग." हे खरं होतं. तो पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, हे सांगितलं नाही.

त्यांनी माझ्या फोनमध्ये आपला नंबर घालून दिला. बायोडाटा पाठवा म्हणाल्या, मी स्वतः पाहते. आता बोल, मी स्वतःला म्हणत होतो. आता. आत कुठंतरी सुट्टी संपल्याची घंटा होईल आणि त्या उठतील.

"तिकडं जाता का अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही जात."

"मी गेले होते मागं, मुलीला घेऊन. बावीस नंबरला थोडा वेळ थांबले." त्या हसल्या. "ती विचारत होती, आई, हा असा एकटाच का बसला? मी म्हटलं, असतो एखादा."

मी ग्लास बाकावर ठेवला. तोंड उघडलं. पण त्याआधी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"काका, एक सांगायचं राहून गेलं होतं. तेव्हा मी फार हट्टाला पेटले होते. माझ्या म्हणण्यात एक दगड बसेना, तर मी सरळ लिहून टाकलं की कुणीतरी तो हलवला. तुम्ही तिथं रोज जीव लावून राखण करत होता, आणि माझ्यामुळं तुम्हाला खुलासा द्यावा लागला. चूक माझीच होती. मला माफ करा."

माझं वाक्य तयार होतं. खापरीपर्यंत घोटलेलं. त्या उत्तराची वाट पाहत माझ्याकडे बघत होत्या, आणि मी म्हणालो, "जाऊ द्या न, मॅडम. मी कधी मनावर घेतलंच नव्हतं."